तगाईचे पाणी

निफाड तालुक्यात माझ्या आजोळच्या मळ्यात एक जुनी, दगडी बांधणीची विहीर आहे. तिच्यावरची मोट जाऊन साठ वर्षांवर काळ लोटला. चाक गेले, कणा गेला, थारोळ्याचे दगड गोठ्याच्या पायात बसले. परंतु बैलांनी पिढ्यान्‌पिढ्या उतरून-चढून दाबलेली धाव अद्याप आहे, आणि काठावरच्या आडव्या शिळेत दोराच्या घर्षणाने पडलेल्या, बोट बसेल एवढ्या खोल दोन खाचा आहेत. ही धाव पूर्वी कधी नांगराखाली आली नाही, कारण ती नांगरली तर मोट चालायची कशी; आणि मोट गेल्यावरही ती कोणी नांगरली नाही, कारण तोवर तिच्या मातीचा दगड झाला होता. दोन वर्षांपूर्वी मामेभावाच्या मुलाने सौर पंप घेतला तेव्हा प्लेटा उभारायला उघडी जागा हवी होती, द्राक्षाची एकही ओळ मोडण्याची त्याची तयारी नव्हती, म्हणून त्याने धावेवरच खड्डे घेतले. पहारीने माती निघेना. शेवटी ब्रेकर आणावा लागला.

बैलांच्या वाटेवरून आता सूर्य पाणी ओढू लागला, असे काहीसे काव्य त्या ठिकाणी उभे राहून मला सुचत होते. मुलाचे लक्ष मात्र हातातल्या कागदावर होते. तो म्हणाला, “काका, पाच एचपीची किंमत पावणेतीन लाखांच्या घरात आहे. आपले गेले सत्तावीस हजार. बाकीचं सरकारचं.” मी सहज म्हणालो, “म्हणजे तगाईच की रे.” तो म्हणाला, “तगाई म्हणजे?”

ज्या शब्दाने त्याच्या पणज्याची झोप उडत असे तो शब्द त्याला ठाऊक नव्हता, याचे मला वाईट वाटले असे मी म्हणणार नाही. परंतु विहिरीवरचे साधन घेण्यासाठी रयतेने सरकारदारी जावे आणि सरकारने काही अटींवर आपला हात सैल करावा, हा व्यवहार सौर पंपाबरोबर जन्मास आलेला नाही. त्याचे वय तीनशे वर्षांहून अधिक आहे, आणि त्याचा बराचसा इतिहास नाशिकच्या काळ्या मातीत व तिच्याखालच्या काळ्या कातळात लिहिलेला आहे.

आधी मोटेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण ती पाहिलेली माणसे आता थोडी उरली. चामड्याची मोठी पिशवी, तिला खालच्या अंगाने हत्तीच्या सोंडेसारखी नळी. पिशवीच्या तोंडाला जाड नाडा, तो वरच्या चाकावरून जाई. सोंडेच्या टोकाला बारीक सोंदूर, तो खालच्या कण्यावरून फिरे. बैल धावेने खाली उतरू लागले की पिशवी व सोंड बरोबरच वर येत, आणि काठाशी पोचताच सोंड आपोआप थारोळ्यात सांडे. मग मोटकरी बैलांना उलट्या पावली वर घेई. या रचनेतली खुबी अशी की मोट रिती करायला निराळे माणूस लागत नसे. पलीकडे पाटाच्या टोकाशी बारे धरणारा एकजण वाफ्यामागून वाफा फोडीत राही. पहाटेपासून उन्हे चढेपर्यंत हा क्रम चाले, आणि त्यावरून विहिरीचे मोल ठरे. एकमोटी विहीर, दोनमोटी विहीर, चारमोटी विहीर अशी तिची प्रतिष्ठा असे. किती खोल, किती रुंद, हे कोणी विचारीत नसे. तिच्यावर किती मोटा अखंड चालतात एवढेच विचारीत. त्या एका मापात बैलांचे बळ आणि झऱ्यांचे बळ दोन्ही एकदम मोजले जात, कारण झरे कमी पडले तर दुसरी मोट मुकाट्याने सोडावी लागे.

महसुलाच्या दफ्तरातही हेच माप होते. जिराईत, मोटस्थळ बागायत आणि पाटस्थळ बागायत अशी जमिनीची प्रतवारी असे, आणि मोटेखालच्या जमिनीवर सारा जास्त बसे. यामुळे विहीर पाडणे ही जशी रयतेची गरज तशी सरकारचीही गरज झाली; नव्या विहिरीमागे नवा वसूल होता. पडीत जमीन उठविणाऱ्यास ‘कौल’ देऊन पहिली काही वर्षे सारा नाममात्र घ्यावा व पुढे ‘इस्ताव्या’ने चढता न्यावा, ही पद्धत त्याच हिशेबातली; आणि ज्याच्यापाशी बैल नाहीत, बी नाही, विहीर बांधण्यास चुना-दगड नाही, त्याला रोकड अगाऊ द्यायची ती ‘तगाई’. शब्द मूळचा अरबी. ‘तकावी’ म्हणजे बळ देणे. शहाजहानच्या कारकिर्दीत औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असता त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान (बंगालचा तो निराळा) याने उजाड पडलेल्या दक्षिणेत जमाबंदी बसविताना बैल-बियाण्यासाठी अशा रकमा वाटल्या आणि सुगीवर हप्त्याने फेडून घेतल्या. बागलाण त्याच्या थोडेच आधी मोगलांकडे गेले होते व नाशिकचे कागदोपत्री नाव ‘गुलशनाबाद’ झाले होते.

शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास धाडलेले पत्र या संदर्भात वारंवार काढले जाते, आणि ते काढण्याजोगे आहेच. गावोगाव फिरून कुणबी गोळा करावे, ज्याला माणूसबळ आहे पण बैल नाहीत त्याला बैलांसाठी रोख द्यावी, पोटासाठी दाणे द्यावेत, आणि वसूल करताना वाढीदिढी न लावता मुद्दलच त्याच्या ताकदीप्रमाणे हळूहळू घ्यावे, असा त्याचा आशय आहे. परंतु त्या पत्राची स्तुती करताना एक गोष्ट आपण विसरतो. महाराज दान करावयास सांगत नव्हते. मुद्दल परत येणार होते, आणि पडीत शेत लागवडीस आल्याने राज्याचे उत्पन्न वाढणार होते. लोककल्याण आणि वसूल यांची सांगड कशी घालावी हे त्या पत्रात फार स्पष्ट आहे. पुढच्या कोणत्याही तगाईच्या कागदात ते इतके स्पष्ट नाही.

नाशिकच्या उत्तर अंगाला, मोसम, आरम आणि गिरणा यांच्या खोऱ्यांत, मात्र या सरकारी हाताविना तीन-चार शतके चाललेली एक पद्धत होती, तिच्यावर थोडे रेंगाळल्याखेरीज पुढे जाववत नाही. नदीत ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून त्यांचे पाणी पाटाने काढावयाचे, पाटाखालच्या ‘थळा’चे तीन-चार ‘फड’ पाडावयाचे, आणि एका फडात एका वर्षी सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे. ऊस फिरत फिरत दुसऱ्या वर्षी दुसऱ्या फडात जाई. प्रत्येक खातेदाराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने कोणी सदैव ओला आणि कोणी सदैव कोरडा असे होत नसे. पाट राखायला पाटकरी, पिके राखायला जागल्या, पाणी द्यायला बारेकरी; त्यांचा मेहनताना पिकातून. नदीला पाणी कमी दिसले की त्या वर्षी एक फड कोरडाच ठेवावयाचा हे पंचांनी ठरवावे आणि सर्वांनी ऐकावे. साधन कोणी दिले यापेक्षा पाणी किती आहे याचा विचार त्या पद्धतीत आधी होई. आज तिचे अवशेष पाहायला अभ्यासक दुरून येतात. आमच्यापैकी फारच थोडे कधी गेले असतील.

इंग्रजी अमलात नाशिकचा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने एक मोठी गोष्ट मान्य केली: खातेदाराने स्वतःच्या खर्चाने विहीर पाडली, तर तेवढ्यासाठी पुढच्या फेरपाहणीत त्याचा सारा वाढवावयाचा नाही. तत्त्व उत्तम होते. उणीव एवढीच की स्वतःचा खर्च करण्याजोगा खातेदार सावकाराच्या वहीबाहेर सापडणे कठीण होते. १८७५ साली पुणे व नगरच्या गावांत सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला, आणि त्या धक्क्यातून १८८३ चा जमीन सुधारणा कर्जाचा कायदा व १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा हे दोन कायदे निघाले. पहिला विहिरी-ताली-बांधासाठी, दुसरा बी-बैलांसाठी. दोहोंखालील रकमांना लोकांनी जुनेच नाव ठेवले, तगाई.

ही तगाई हाती पडणे म्हणजे एक यात्राच होती. मामलेदाराकडे अर्ज, कुळकर्ण्याचा उतारा, सर्कलची पाहणी, दोन जामीन, कर्जरोखा, मग मंजुरी. आणि प्रत्येक पायरीवर जो हात ओला करावा लागे त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. शेवटी मिळालेल्या रकमेतून विहीर अर्धी खणून होई आणि कातळ लागे. कातळ लागला म्हणून हप्ता चुकत नसे. कायद्याने ही बाकी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल व्हायची होती, म्हणजे सावकार कोर्टात जाई आणि सरकार थेट दारात येई. आमच्या आजोळच्या फडताळात अशा एका कर्जरोख्याची नक्कल पुष्कळ वर्षे होती, तिच्या पाठीमागे आजोबांच्या हातची एकच ओळ होती, “पाणी लागले, रोखा फिटला नाही.”

ज्या वर्षी पहिला कायदा झाला त्याच वर्षी जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा होत होता. त्यातल्या जळजळीत टीकेची आठवण सर्वांना आहे, परंतु शेवटी त्यांनी ज्या सूचना केल्या त्या फारसे कोणी वाचीत नाही. लष्कर व पोलीस यांच्याकडून ताली, बंधारे, तळी घालून घ्यावीत हे त्यांनी सांगितलेच. त्याखेरीज सरकारने पाणाडे लावून जमिनींची पाहणी करावी, जेथे दोन मोटांवर पाण्याचे झरे निघतील त्या जागा नकाशात नोंदवाव्यात, आणि तेथे विहीर पाडणाऱ्यास बक्षीस द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. या सूचनेचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पाण्याचा शोध, मग नकाशा, मग पैसा. आणि तोही कर्ज नव्हे, बक्षीस. सरकारी कागदात हा क्रम पुढे बहुधा उलटाच चालला.

१८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळाच्याच वर्षांत मुंबईत एक विलक्षण प्रयोग चालू होता. मुंबई हायकोर्टातले एक इंग्रज उपनिबंधक, विल्यम अ‍ॅडम्स, यांना असा ध्यास लागला होता की या देशात कोळसा महाग आणि ऊन फुकट, तेव्हा उन्हावरच यंत्रे चालवावीत. कुलाब्याच्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्यांनी सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार फळी उभारली, सर्व आरशांचे ऊन एका तांब्याच्या बाष्पपात्रावर आणले, आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला. १८७८ साली त्यांनी या विषयावर मुंबईतच पुस्तक छापले. नंतर त्या खटाटोपाचे काही झाले नाही. सूर्यावर पंप चालतो हे आपल्या इलाख्यात एकशेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झाले होते, आणि ते सिद्ध करणारा माणूस इंजिनियर नसून कोर्टातला कारकुनी अंमलदार होता, हे मला नेहमी गमतीचे वाटते. इकडे घाटावर माणसे पाण्यावाचून गाव सोडीत होती, तिकडे समुद्राकाठी उन्हाने पाणी उपसले जात होते. दोहोंमध्ये थळघाट होता, आणि थळघाटातून आगगाडीही सुरू झालेली होती.

सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी मार्ग धरला तो विहिरींचा नव्हे, मोठ्या पाटांचा. गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचा बंधारा १९११ पर्यंत झाला, गिरणेवर चणकापूरचे धरण त्याच सुमारास, आणि दारणेचे धरण १९१६ साली. नाशिककराची जुनी तक्रार इथून सुरू होते: पाऊस इगतपुरीचा, धरण नाशिकचे, आणि ऊस कोपरगावचा. गोदावरी व प्रवरा कालव्यांनी नगर जिल्ह्याचे अर्थकारण कसे बदलले, याची शास्त्रीय पाहणी धनंजयराव गाडगीळांनी केली व १९४८ साली प्रसिद्ध केली. गाडगीळांचा जन्म नाशिकचा, हा योगायोग लक्षात घेता जिल्ह्याचे समाधान होण्याऐवजी ते चरफडणेच वाढते. नाशिकच्या उरलेल्या तालुक्यांना, विशेषतः सिन्नर, येवला, चांदवड या अवर्षणाच्या पट्ट्याला, विहिरीवाचून गती नव्हती. ओझरच्या रावसाहेब गायकवाडांनी १९२५ च्या सुमारास द्राक्षाचा वेल लावला तोही विहिरीच्याच भरवशावर.

मोटेला पहिला धक्का दिला तो तेलाच्या इंजिनाने. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पंप निघू लागले. १९४६ पासून पुण्यास इंजिनाचा स्वतंत्र कारखाना झाला. दरम्यान महायुद्धाच्या टंचाईत, १९४३ साली, ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम आली आणि विहिरी, दुरुस्त्या व पंप यांसाठी तगाईच्या जोडीने थोडीफार सूट मिळू लागली. आजच्या अनुदानाचे बीज तेथे आहे. परंतु या सरकारी मदतीची खोली किती होती ते १९५४ साली कळले. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रामीण पतपाहणी समितीने (गाडगीळ तिचे एक सदस्य होते) हिशेब मांडला: शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सरकारचा वाटा शेकडा ३.३, सहकारी संस्थांचा ३.१. सत्तर वर्षे तगाईचा डंका वाजला, आणि शंभरातले तीन रुपये एवढाच तिचा आवाका निघाला. पुढे भूविकास बँका व सहकारी सोसायट्या आल्या आणि तगाई हा शब्द हळूहळू मागे पडला. त्याची जागा ‘प्रकरण’ या शब्दाने घेतली. प्रकरण करणे, प्रकरण बसणे, प्रकरण थकणे.

मग वीज आली. खेड्यात तिला वीज कोणी म्हणत नाही, ‘लाईट’ म्हणतात. १९६० साली राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९७० च्या सुमारास एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची भट्टी पेटली, आणि कोटेशन भरून खांबाची वाट पाहणे हा नाशिकच्या मळ्यातला एक नवा ऋतू झाला. १९७७ साली राज्याने एक निर्णय घेतला, त्याचे परिणाम अद्याप सरलेले नाहीत: शेतीपंपाला मीटर नको, मोटरीच्या अश्वशक्तीवर वर्षाची ठरावीक आकारणी. मोटेच्या मापाला हा मोठा छेद होता. दोनमोटी विहीर म्हणताना झऱ्याचे बळ बोलले जाई; पाच एचपी म्हणताना केवळ ओढणाऱ्याचे बळ बोलले जाते. एकदा ठरावीक रक्कम भरली की मोटर दोन तास चालो की वीस तास, खर्च तोच. तेव्हा ती वीस तास चालली यात शेतकऱ्याला दोष देण्याचा अधिकार निदान ती आकारणी ठरविणाऱ्यांना नाही.

सवलतीच्या या राज्यकारभारावर पहिला मोठा सवाल टाकला तोही नाशिकनेच. १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कांदा-उसाच्या भावासाठी या जिल्ह्यात रस्ते व रेल्वे अडविली, खेरवाडीस गोळीबार झाला, माणसे दगावली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तेव्हाची. तिचा रोख असा होता की मालाचा भाव पाडून दुसऱ्या हाताने सूट-सबसिडी वाटणे म्हणजे खिसा कापून प्रवासखर्च देणे. घोषणा देणारे पुष्कळजण पुढे सबसिडीच्या अर्जाच्या रांगेत उभे राहिलेले मी पाहिले. त्यात विसंगती आहे असे मात्र मला वाटत नाही. भाव मिळेना, तेव्हा जे मिळते ते तरी घ्यावे, हा संसारी माणसाचा हिशेब आहे. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीची वीज मोफत झाली आणि पुढच्याच वर्षी ती सवलत गेली. त्यानंतर भारनियमनाचा काळ आला.

त्या काळाची आठवण गोदाकाठी एकाच शब्दात सांगतात: रात्रपाळी. थ्री फेज लाईट आठवड्यातून अर्धे दिवस रात्रीच. कडाक्याच्या थंडीत, निफाडचा पारा उतरलेला असताना, पायात गमबूट, हातात बॅटरी आणि कानाला मफलर अशी माणसे मध्यरात्री गव्हाला बारे देत. डीपी जळाली की वर्गणी काढून ती आणणे ही आणखी एक सामुदायिक परंपरा. त्यातच उसाच्या फडात बिबट्याने संसार मांडला होता. दारणा-गोदावरीच्या पट्ट्यात मोटर चालू करायला गेलेला माणूस परत येईपर्यंत घरातले जागे असत. सौर पंप कशासाठी हवा असे आमच्याकडे कोणास विचाराल तर तो अनुदानाचा आकडा नंतर सांगेल, आधी सांगेल, “दिवसा पाणी भरता येतं.”

सूर्याच्या पंपाला सरकारी मदतीची सुरुवात केंद्राने १९९२-९३ च्या सुमारास केली, परंतु त्या काळी त्याची किंमत अशी होती की ते यंत्र कृषिप्रदर्शनात पाहावे आणि पुढच्या मांडवात जावे. महाराष्ट्रात २०१५ नंतर महाऊर्जेमार्फत अटल सौर कृषी पंप योजना आली. २०१८ च्या अखेरीस एक लाख पंपांचा संकल्प करून मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना महावितरणाकडे सोपविण्यात आली. २०१९ साली केंद्राची ‘कुसुम’ योजना मंजूर झाली, आणि २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. नावे बदलली तरी हिशेबाचा सांगाडा साधारण एकच राहिला: किमतीचा दहावा हिस्सा शेतकऱ्याचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा विसावा, बाकी केंद्र व राज्य यांचा. महाऊर्जेच्या दरपत्रकात तीन अश्वशक्तीच्या पंपास सर्वसाधारण शेतकऱ्याचे १९,३८० रुपये, पाचास २६,९७५, साडेसातास ३७,४४० असे आकडे होते. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात, अशी पायरी आहे. मापाचा हा तिसरा अवतार म्हणावयाचा. पहिल्याने झरा मोजला, दुसऱ्याने मोटर मोजली, तिसरा सातबारा मोजतो.

अर्जाची कुळकथा फारशी बदललेली नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद हवी. ती नसेल तर तलाठ्याकडे, ज्याला अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे ठरले आहे, खेटे. विहीर सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांची ना हरकत मुद्रांक कागदावर, आणि मराठी मुलखात सामाईक विहिरीचे हिस्सेदार एका कागदावर सह्या करतात ही गोष्ट किती सोपी आहे हे सांगणे नलगे. चार भावांची पाण्याची पाळी मोटेच्या काळात घटका-पळांवर चाले, लाईटच्या काळात वारांवर आली. सूर्याच्या काळात पेच असा की दुपारचे पाणी सकाळच्या पाण्याहून जोराचे असते, तेव्हा बारा ते दोनची पाळी कोणाची? माझ्या माहितीतल्या एका वस्तीवर हा तंटा वर्षभर चालला आणि शेवटी पाळी रोज पुढे सरकवण्यावर मिटला. बंधाऱ्याच्या पंचांनी हा निवाडा एका बैठकीत दिला असता.

सरकार एवढे उदार का झाले, हा प्रश्न शिष्टाचारास सोडून आहे, तरीही तो विचारला पाहिजे. जुन्या तगाईमागे वाढीव साऱ्याची आशा होती. आज जमीन महसुलाला राज्याच्या जमाखर्चात स्थान उरलेले नाही. परंतु शेतीपंपांच्या विजेला आहे, आणि ते खर्चाच्या बाजूला. २०२४ च्या बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांचे बिल सरकारने आपल्या अंगावर घेतले, तेव्हा वर्षाचा बोजा १४,७६० कोटी रुपयांचा सांगण्यात आला. ज्याच्या विहिरीवर लाईट गेलेलीच नाही अशा शेतकऱ्याला एकदाच पंप देऊन मोकळे व्हावे, म्हणजे खांब नको, तार नको, डीपी नको, आणि दरसालचे बिलही नको, हा हिशेब कोणत्याही शहाण्या फडणिसाला पटेल असाच आहे. कोटेशन भरून वर्षानुवर्षे खांबाची वाट पाहणाऱ्यांना म्हणूनच सौर पंपाकडे वळविण्यात आले. त्यांतल्या काहींना तो हवा होता, काहींना लाईटच हवी होती. दात्याचा स्वार्थ असला म्हणजे दान खोटे ठरते असे नाही. उलट, ज्या मदतीत देणाऱ्याचाही लाभ असतो तीच टिकते, हे शिवकालीन पत्रापासून दिसत आलेले आहे.

माझी शंका निराळी आहे, आणि ती दक्षिणेच्या कातळाविषयी आहे. आमच्या खालचा खडक स्पंज नव्हे; पावसाळ्यात भेगांतून जेवढे मुरते तेवढेच तो देतो. बैल थकत, म्हणून रात्री झरे भरून येत. तेलाला पैसे पडत, म्हणून इंजिन बंद होई. विजेने पहिला लगाम सैल केला, आणि सूर्याने तर पैशाचा उरलासुरला लगामही काढून टाकला; आता मोटर थांबते ती सूर्य मावळला म्हणून किंवा विहीर आटली म्हणून. अतिशोषित म्हणून नोंदलेल्या क्षेत्रात सौर पंपाने नवा उपसा वाढवू नये असा दंडक केंद्राने घातला आहे, आणि अर्जात ‘शाश्वत जलस्रोत’ आहे काय असा रकानाही असतो. त्या रकान्यात ‘होय’ लिहावयाचे असते. किती मोटांचा, हे लिहायला जागा नसते.

गेल्या चैत्रात मी पुन्हा मळ्यात गेलो होतो. सकाळी आठाच्या सुमारास मुलाने ओल्या फडक्याने प्लेटांवरची धूळ पुसली. द्राक्षावर फवारा मारला की औषधाची पांढरट साय त्यांच्यावर बसते आणि पाणी कमी येते, म्हणाला. कंट्रोलरचे बटण दाबले, आणि थोड्या वेळाने पाइपाच्या तोंडाशी आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी आले. साडेदहापर्यंत धार जोरात होती. अकराला ती तुटक झाली, आणि साडेअकराला, ऊन डोक्यावर येऊन प्लेटांवर नजर ठरेना अशा वेळी, पंप आपोआप बंद पडला. मी वाकून पाहिले तर तळाशी घागरभर चकाकत होते.

“विहिरीनं सोडलं,” तो शांतपणे म्हणाला. “दुपारी चारला परत तासभर चालेल.” मग तो त्या आडव्या शिळेवर टेकला, खिशातून मोबाइल काढला आणि त्यावर काहीतरी शोधू लागला. “खाली आडवं बोअर मारायचं म्हणतोय, काका. दोन बाजूंनी. त्याला सरकारचं काही मिळतं का, बघता का जरा?”